परक्या इंजिनाची निगा

साहित्याच्या अभ्यासकाने मोटारीच्या इंजिनाविषयी लिहावे याचे वाचकांना नवल वाटेल. परंतु गेली काही वर्षे ज्या प्रश्नाने माझा पिच्छा पुरवला आहे, तो मला प्रथम कोणत्याही ग्रंथात भेटला नाही. तो बंगळुरूतल्या एका गॅरेजात, तेलाने काळवंडलेल्या फरशीवर भेटला. प्रश्न असा की, जिचा भूतकाळ आपल्याला ठाऊक नाही आणि पुढेही कळण्याची शक्यता नाही अशी वस्तू आपल्या पदरी आली, तर तिच्याशी कसे वागावे? तिच्यावर विश्वास टाकावा काय? टाकावा तर कशाच्या आधारावर? आणि ती वस्तू पुढे दुसऱ्याच्या हाती देताना त्याला काय सांगावे?

आमच्याकडे २००४ साली घेतलेली एक मारुती ८०० होती. १९८३ च्या डिसेंबरात ही गाडी पहिल्यांदा रस्त्यावर आली आणि २०१४ साली तिचे उत्पादन थांबले. मधल्या तीस वर्षांत या देशातल्या असंख्य कुटुंबांनी जी पहिली मोटार पाहिली ती हीच. आमच्या घरातली दोन्ही मुले हिच्यावर गाडी चालवायला शिकली. माझ्या आईचा इस्पितळातला शेवटचा प्रवासही हिच्यातूनच झाला. २०१७ च्या उन्हाळ्यात तिचे इंजिन गेले. ‘गेले’ हे क्रियापद येथे मोठे सोयीचे आहे, कारण ते कर्त्याला लपवते. वस्तुतः ते मी घालवले. रेडिएटरमधले पाणी गळत असल्याचे मला ठाऊक होते. त्या दुपारी उष्णतेचा काटा लाल रेषेकडे सरकताना मी पाहिलाही होता. पण एका परिसंवादाला उशीर होत होता, विषय ‘साहित्य आणि नैतिकता’ हा होता, आणि मी गाडी हाकत राहिलो. हलसूर तलावाजवळ इंजिन जॅम झाले. मिस्त्रींनी ते उघडून मला बोलावून दाखवले : हेड वाकले होते, सिलिंडरच्या भिंतींवर खोल ओरखडे उठले होते, ब्लॉकला तडा गेला होता. दुरुस्तीचा मार्ग उरला नव्हता.

नवे इंजिन मिळणे शक्य नव्हते. मिस्त्रींनी शिवाजीनगरच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारातून त्याच जातीचे एक वापरलेले इंजिन आणले. तीन सिलिंडरचे, ७९६ सीसीचे. त्याबरोबर विक्रीची पावती होती, ज्या गाडीतून ते काढले तिचे कागद होते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ अन्वये इंजिन बदलल्याची नोंद परिवहन कार्यालयात करून घ्यावी लागते. ती आम्ही केली. कायद्याच्या दृष्टीने त्या इंजिनाला गोत्र होते, मालकाचे नाव होते, क्रमांक होता. नव्हते ते एवढेच : त्या मालकाने त्याला कसे वागवले याची एकही ओळ कोठे लिहिलेली नव्हती. तेल वेळेवर बदलले होते काय? माझ्यासारखाच तोही लाल रेषेकडे पाहून न पाहिल्यासारखे करणारा होता काय? विक्रेत्याने ‘चाळीस हजार किलोमीटर चाललेले’ असे सांगितले. पण किलोमीटर मोजणारे यंत्र गाडीच्या पुढच्या फळीत असते, इंजिनात नसते. तो आकडा म्हणजे निव्वळ तोंडचा शब्द होता.

मित्रमंडळीत ही हकीकत सांगितली की पहिला प्रश्न ठरलेला असे : आता ही गाडी जुनीच म्हणायची की दुसरी? तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला हा प्रश्न परिचयाचा आहे. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात नागसेन भिक्षू राजा मिलिंदाला विचारतो की, ज्या रथातून तू आलास तो रथ म्हणजे काय. आस म्हणजे रथ, की चाके म्हणजे रथ, की जू म्हणजे रथ? यांपैकी एकही रथ नाही आणि यांच्यावेगळाही रथ नाही. या भागांच्या आश्रयाने चालणारा तो एक व्यवहार आहे, एक नाव आहे. नागसेनाला यातून पुढे आत्म्याविषयी जे सुचवायचे होते ते निराळे. आपल्यापुरते एवढे खरे की, गाडीच्या एकत्वाचा प्रश्न व्यवहाराने सोडवलेला आहे. सांगाड्यावर कोरलेला क्रमांक कायम राहिला, इंजिनाचा क्रमांक बदलून नोंदला गेला, आणि गाडी आमचीच राहिली. या उत्तराने कोणाचेही काही अडत नाही.

अडते ते दुसऱ्या प्रश्नापाशी. गाडी तीच की निराळी, यापेक्षा तिच्या पोटातल्या परक्याविषयी उत्तरदायी कोण, हे ठरवणे अधिक अवघड आहे. जे मी बिघडवले नाही, त्याच्या बिघाडाची जबाबदारी माझी कशी? आणि माझी नसेल तर ती घेणारा दुसरा कोण आहे? पूर्वीचा मालक आता भेटणार नाही. विक्रेत्याचा आणि माझा संबंध पावतीपाशी संपला. जबाबदारीची साखळी मागे तुटलेली आणि पुढे चालूच आहे, अशी ही अवस्था आहे.

इंजिन बसवून झाले त्या दिवशी मी महागडे सिंथेटिक तेल घेऊन गॅरेजात गेलो. तेल इंजिनात काय करते हे मी तोवर वाचून घेतले होते. एकमेकांवर घासणाऱ्या धातूंच्या मध्ये ते पातळ थर धरते, उष्णता वाहून नेते, जळणातून निर्माण होणारी काजळी स्वतःत धरून ठेवते आणि गंज येऊ देत नाही. साधे, म्हणजे खनिज, तेल कच्च्या तेलाच्या शुद्धीकरणातून निघते. त्यात लहानमोठे सर्व आकारांचे रेणू असतात, मेणचट अंश असतात. उष्णतेने ते लवकर जुने होते आणि त्याचा गाळ बनतो. सिंथेटिक तेलातले रेणू पुष्कळसे एकसारखे असतात. ते उष्णतेत टिकते, उडून कमी जाते आणि थंडीत गोठल्यासारखे होत नाही. या शेवटच्या गुणाचा बंगळुरूत फारसा उपयोग नाही. डब्यावरच्या ‘५ डब्ल्यू’तला डब्ल्यू हा हिवाळ्याचा आहे, आणि समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवरच्या या शहरात ऐन हिवाळ्यातल्या पहाटेही पारा बहुधा १५ अंशांच्या आसपास असतो. मात्र सिग्नलच्या रांगेत तासन्‌तास तापत उभ्या राहणाऱ्या इंजिनाला टिकाऊ तेलाचा लाभ निश्चित होतो.

हे सर्व खरे असले तरी मी तो डबा का घेतला होता, याचे खरे कारण निराळे होते. पहिले इंजिन मी हेळसांडीने मारले होते, म्हणून दुसऱ्याला मी सर्वांत महाग तेल पाजणार होतो. ते प्रायश्चित्त होते. आणि पुष्कळशा प्रायश्चित्तांप्रमाणे त्यात एक सवलतही दडलेली होती. सिंथेटिक तेल अधिक काळ टिकते, म्हणजे पुढचे कित्येक महिने मला बॉनेट उघडावे लागणार नव्हते. लक्ष द्यावे लागू नये म्हणून मी पैसे देत होतो.

मिस्त्रींनी डबा हातात घेऊन पाहिला आणि म्हणाले, “नक्को सर. आत्ताच नक्को.” ते दखनी बोलत होते. ‘नक्को’ हा शब्द मराठीतूनच तिकडे गेला आहे, असे अभ्यासक मानतात. ज्या नगरीत एके काळी शहाजीराजांची जहागीर होती तेथे तो शब्द आजही असा कानी पडला की माझ्यासारख्या स्थलांतरिताला घरचे माणूस भेटल्यासारखे वाटते. कदाचित त्यामुळेच मी वाद न घालता ऐकून घेतले.

त्यांचे म्हणणे असे होते. या इंजिनाच्या आत काय साचले आहे ते आपल्याला ठाऊक नाही. जुना गाळ असेल, तर चांगले तेल तो धुऊन काढील. पण तो एकदम सुटला तर तेल ओढणाऱ्या पंपाच्या जाळीवर जाऊन बसेल, आणि वरच्या भागांना तेल पोहोचणार नाही. म्हणजे स्वच्छतेनेच इंजिन मरेल. शिवाय जुनी ऑइल सीलं कोठे झिजलेली असतात, आणि त्या फटीत गाळच बसून गळती थांबलेली असते. गाळ गेला की गळती दिसू लागते, मग लोक तेलाला दोष देतात. सुरुवातीच्या काळातल्या काही सिंथेटिक तेलांनी रबर आकसत असे. आजच्या तेलांत ते होऊ नये याची तजवीज केलेली असते. तरी ‘सिंथेटिक घातले आणि इंजिन गळू लागले’ ही तक्रार गॅरेजात अजून ऐकू येते. मिस्त्री म्हणाले, “सर, गळती तेल नाही करत. ती आधीच असते, तेल फक्त दाखवतं.”

म्हणून त्यांनी आधी सीलं बदलली, गॅस्केटे बदलली, टायमिंग बेल्ट नवा घातला, कारण जुन्या पट्ट्याचे वय कोणालाच सांगता येत नव्हते. प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजला आणि तीन आकडे एका कागदावर लिहून दिले. मग साधे खनिज तेल घातले. ते पाचशे किलोमीटरांनंतर काढायचे, त्यात काय उतरले ते पाहायचे, फिल्टर कापून त्यात धातूचे कण आहेत का ते बघायचे. पुन्हा साधे तेल, या वेळी हजार किलोमीटर. तिसऱ्या खेपेला तेल बऱ्यापैकी निवळले तर सिंथेटिक. आणि त्यानंतरही डब्यावरच्या मुदतीवर विसंबायचे नाही. दर पंधरवड्याला डिपस्टिक ओढून पाहायची. शेवटी ते म्हणाले, “आजवरचं अल्लाला ठाऊक. आजपासूनचं तुम्हांला ठाऊक पाहिजे.”

त्या संध्याकाळी मी एक वही केली. पहिल्या पानावर तारीख, तीन सिलिंडरांचे दाब आणि खाली एक वाक्य लिहिले : ‘यापूर्वीचे काही माहीत नाही.’

मिस्त्रींच्या सल्ल्यात मला जे नैतिक तत्त्व दिसले ते असे. अज्ञात भूतकाळापुढे माणूस सहसा दोनांपैकी एक भूमिका घेतो. एक तर तो संशयाने ग्रासतो आणि वस्तू नाकारतो; नाहीतर भोळ्या विश्वासाने ती जशी आहे तशी वापरू लागतो. दोन्ही भूमिकांत भूतकाळाविषयीचा निवाडा आधीच झालेला असतो. मिस्त्रींनी तो केला नाही. त्यांनी भूतकाळ उघडा होऊ दिला, तोही त्या इंजिनाला सोसेल अशा गतीने. साचलेली घाण हा दोष आहे हे मान्य करूनही, त्या घाणीवर काही टेकलेले असू शकते याचे भान त्यांनी सोडले नाही. येथे कोणी म्हणेल की, मग गाळ राहूच द्यावा. तेही त्यांना मान्य नव्हते. गाळाने थांबलेली गळती ही थांबलेली गळती नव्हे, हे ते जाणत होते. म्हणून आधी सील, मग धुणे, हा क्रम.

साहित्याच्या इतिहासात या क्रमाची आठवण करून देणारे एक मोठे उदाहरण आहे. ‘ज्ञानेश्वरी’ रचली गेली त्यानंतर जवळजवळ तीनशे वर्षे ती हाताने उतरवली जात राहिली. कोण्या लेखकूने शब्द चुकवला, कोणी तो सोपा केला, कोणी आपली ओवी घातली. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, तिची शुद्ध प्रत सिद्ध केली, आणि यापुढे कोणी आपली ओवी त्यात घालू नये अशी ताकीद दिली. मराठी भाषेवरचे हे ऋण फिटणारे नाही. तथापि १९०९ साली इतिहासाचार्य राजवाड्यांनी आपल्या हाती आलेल्या, एकनाथपूर्व मानलेल्या पोथीवरून ‘ज्ञानेश्वरी’ छापली, तेव्हा एक प्रश्न नव्याने उभा राहिला : शुद्ध करताना काय काय गेले? एकनाथांनी शुद्ध केल्याचे सांगितले. काय गाळले त्याची यादी दिली नाही. तशी यादी देण्याची त्या काळी रीत नव्हती, म्हणून हा दोष त्यांचा नव्हे. पण आज जो कोणी जुनी वस्तू धुतो, त्याने धुण्याचे पाणी फेकण्यापूर्वी त्यात पाहावे, एवढे आपल्याला कळले आहे. पाठचिकित्सा हे शास्त्र याच सवयीवर उभे आहे. मिस्त्री काळे तेल पांढऱ्या चिंधीवर ओतून उन्हात धरत, तेव्हा मला ते शास्त्र आठवे.

‘शुद्ध’ या शब्दाप्रमाणेच ‘सिंथेटिक’ हा शब्दही वाटतो तितका सरळ नाही. मूळ अर्थाने सिंथेटिक तेल म्हणजे लहान रेणू जोडून प्रयोगशाळेच्या रीतीने घडवलेले तेल. पुढे कच्च्या तेलाच्याच अंशावर उच्च दाबाखाली हायड्रोजनची प्रक्रिया करून त्याची रचना पालटता येऊ लागली, आणि तेही याच नावाने विकले जाऊ लागले. अमेरिकेत मोबिल कंपनीने कॅस्ट्रॉलविरुद्ध याबद्दल तक्रार केली. १९९९ साली जाहिरातींची छाननी करणाऱ्या तेथील संस्थेने कॅस्ट्रॉलच्या बाजूने निर्णय दिला. तेल कोठून आले यापेक्षा ते काय होऊन आले, याकडे पाहावे, असा त्या निर्णयाचा मथितार्थ मी काढतो. घराणे आणि करणी यांतला हा जुनाच वाद तेलाच्या डब्यावर येऊन थांबलेला पाहून मला गंमत वाटली. माझ्या इंजिनाच्या बाबतीतही माझ्या हाती करणीच तेवढी उरली होती.

असा विश्वास ठेवणे हा बंगळुरूला नवा नाही. त्या गॅरेजापासून जुन्या विमानतळाच्या रस्त्याने पुढे गेले की हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या भिंती लागतात. सोलापुरात जन्मलेले वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानाच्या सहकार्याने १९४० च्या डिसेंबरात येथे हिंदुस्तान एअरक्राफ्टची स्थापना केली. दुसऱ्या महायुद्धात हा कारखाना मुख्यतः अमेरिकी विमानांच्या आणि इंजिनांच्या दुरुस्तीचे केंद्र झाला. युद्ध संपल्यावर लिबरेटर जातीची बाँबफेकी विमाने कानपूरजवळच्या चकेरीला भंगारात टाकण्यात आली. ती कोणाच्या कामी येऊ नयेत म्हणून मुद्दाम निकामी केलेली होती. स्वतंत्र भारताच्या वायुदलाला विमानांची निकड होती. १९४८ पासून हिंदुस्तान एअरक्राफ्टच्या माणसांनी त्यांतली सुमारे चाळीस विमाने पुन्हा उडण्याजोगी केली. तेथल्या तेथे जुजबी दुरुस्ती करून, जमशेद मुन्शी हे कारखान्याचे वैमानिक ती कानपूरहून बंगळुरूला उडवत आणत, आणि मग येथे त्यांची संपूर्ण दुरुस्ती होई. ही विमाने १९६८ पर्यंत वायुदलाच्या सेवेत राहिली. काही आज परदेशी संग्रहालयांत उभी आहेत.

त्या वैमानिकाचा विश्वास मी अनेकदा मनात उलटसुलट करून पाहिला आहे. विमानाचा भूतकाळ त्याला ठाऊक होता असे म्हणावे, तर तो चांगला नव्हता. कोणीतरी ते जाणूनबुजून मोडले होते. ज्यांनी ते पुन्हा जोडले त्यांच्या हातांवर, आणि आपण स्वतः तपासले त्यावर, त्याची भिस्त असली पाहिजे. विश्वासाचा आधार वस्तूच्या चरित्रात न मिळाला तर तो तिच्यावर आज झालेल्या कष्टांत शोधता येतो. असा विश्वास आंधळा नसतो. मात्र तो पुन्हा पुन्हा कमवावा लागतो.

यंत्राविषयी नीतीची भाषा बोलणे हा भाबडेपणा आहे, असा आक्षेप मला अपेक्षित आहे. इंजिनाला सुखदुःख नाही, हे मलाही मान्य आहे. माझे कर्तव्य इंजिनाप्रति नाही. ते माझ्या शेजारी बसणाऱ्याप्रति, रस्ता ओलांडणाऱ्याप्रति आणि पुढे ती गाडी घेणाऱ्याप्रति आहे. प्रत्येक खेपेस काढलेले काळे तेल गटारात न जाता परवानाधारक पुनर्प्रक्रियेकडे गेले पाहिजे, हे या शहरातल्या तलावांप्रतिही कर्तव्य आहे. इंजिन हे केवळ या सर्वांना जोडणारे ठिकाण आहे. पण कर्तव्य पार पाडण्याची जागा अखेर तीच असते. डिपस्टिक पुसून पाहण्यावाचून या माणसांची काळजी घेण्याचा दुसरा मार्ग मला उपलब्ध नव्हता.

तिसऱ्या खेपेस सिंथेटिक तेल घातले. पुढच्या बाजूचे एक सील महिन्याभरात पाझरू लागले. मिस्त्रींच्या नजरेतून ते एकच सुटले होते. ते बदलले. २०१९ साली गाडीची पंधरा वर्षे भरली तेव्हा तपासणी होऊन पाच वर्षांचे नूतनीकरण मिळाले, २०२४ साली पुन्हा मिळाले. वहीची पंचेचाळीस पाने भरली.

त्यानंतर डोळ्यांच्या तक्रारीमुळे मी गाडी चालवणे सोडले. माझी एक माजी विद्यार्थिनी शहराबाहेरच्या महाविद्यालयात नुकतीच अधिव्याख्याता झाली होती. तिने गाडी विकत मागितली. आरसी बुकात इंजिनाचा क्रमांक बदलल्याची नोंद होतीच, म्हणजे कायद्याने मी मोकळा होतो. “गाडी उत्तम आहे, काळजी नको,” एवढे म्हटले असते तरी ते खोटे ठरले नसते. एक क्षण तो मोह मला झाला, हे कबूल केले पाहिजे. शिक्षकाच्या शब्दाला विद्यार्थी प्रतिप्रश्न करत नाही, आणि नेमकी त्यामुळेच ती सोय वापरणे गैर होते. विक्रेत्याने मला ‘चाळीस हजार’ सांगितले होते तेव्हा माझ्याजवळ विचारायला काही साधन नव्हते. तिच्याजवळ ते असावे, म्हणून मी वही तिच्यापुढे ठेवली. पहिले इंजिन कसे गेले तेही सांगितले. परिसंवादाचा विषयसुद्धा सांगितला.

तिने वही बराच वेळ वाचली. पाझरलेल्या सीलाच्या पानावर ती थांबली, मग पुन्हा पहिल्या पानाकडे गेली.

“सर, याच्या आधीचं खरंच काहीच माहीत नाही?”

“नाही.”

ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग संकोचाने म्हणाली की, तसे असेल तर किंमत थोडी कमी करावी. मागणी रास्त होती. जे ठाऊक नाही त्याचीही काही किंमत असते, आणि ती देणाऱ्याने सोसायची असते. मी आकडा उतरवला. निघण्यापूर्वी तिने बॉनेट उघडायला सांगितले आणि डिपस्टिक कोणती ते दाखवून घेतले.